बदकांच्या शिकारीसाठी कमी खर्चात घरी होडी बांधता येईल काय?

तळ्याकाठचा

नमस्कार. मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो आणि सहकाऱ्यांबरोबर दर शरद ऋतूत बदकांच्या शिकारीला जातो. परवाना, फेडरल डक स्टॅम्प (बदकांच्या शिकारीसाठी विकत घ्यावा लागणारा केंद्र सरकारचा शिक्का) इत्यादी सोपस्कार रीतसर पूर्ण केलेले आहेत. शिकार करावी की नाही, हा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर व्हावा. आजवर इतरांच्या होडीत बसत आलो. आता गॅरेजमध्ये सुमारे १२ फूट लांबीची, सपाट तळाची, एक माणूस, एक कुत्रा आणि दोन डझन डिकॉय (खऱ्या बदकांना भुलवण्यासाठी पाण्यावर सोडायची खोटी बदके) मावतील अशी प्लायवूडची होडी बांधावी, असे मनात आहे. तळी उथळ आणि लव्हाळ्यांनी भरलेली असल्यामुळे मोटर नको. वल्ही आणि ढकलण्याची लांब काठी पुरेल.

मरीन (खास होड्यांसाठीचे) प्लायवूड फार महाग पडते, तेव्हा बाहेरच्या कामाचे साधे प्लायवूड चालेल काय? तसेच, सांगाडा न उभारता फळ्या तारेने शिवून इपॉक्सीने (दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) जोडण्याची पद्धत नवशिक्याला जमेल काय? पुस्तकांची कपाटे करण्याइतपत सुतारकाम मला येते.

सुतारपक्षी

कपाट काटकोनात बसवता येत असेल, तर ही होडीही आपल्याला जमेल. ब्रिटनमध्ये १९६३ साली 'मिरर' ही छोटी शिडाची होडी याच पद्धतीने बाजारात आली, आणि आयुष्यात कधी रंधा न धरलेल्या लोकांनीही ती हजारोंच्या संख्येने घरी बांधली.

पाव इंच जाडीचे, जलरोधक सरसाने चिकटवलेले बाहेरच्या कामाचे प्लायवूड चालते, मात्र ते निवडून घ्यावे लागते. कडा नीट पाहाव्यात, कारण आतल्या थरांत पोकळी असेल तर वाकवताना फळी नेमकी तिथेच मोडते. एक तुकडा तासभर उकळत्या पाण्यात ठेवून पाहावा. थर सुटले तर ते प्लायवूड होडीच्या कामाचे नाही. वाळवीप्रतिबंधक रसायन भरलेले प्लायवूड मात्र घेऊ नका, ते ओलसर आणि जड असते.

फळी ८ फुटांची आणि होडी १२ फुटांची, म्हणजे सांधा आलाच. जाडीच्या आठपट लांबीचा तिरपा उतार रंधून दोन्ही टोके एकमेकांवर चिकटवणे, म्हणजे येथे दोन इंचांचा उतार, ही देखणी रीत. परंतु दोन फळ्या टोकाला टोक भिडवून आतून त्याच प्लायवूडची पट्टी चिकटवली तरी या होडीला पुरेसे बळ मिळते, आणि पहिल्या होडीसाठी मी तेच सुचवेन.

पुढचे काम सरळ आहे. कडांना बारीक छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने किंवा प्लास्टिकच्या झिप टायने फळ्या ओढून घ्याव्यात, आकार दोन्ही बाजूंनी सारखा आला आहे ना ते दोरीने मापावे, मग इपॉक्सीत बारीक लाकडी पीठ मिसळून केलेला लगदा आतल्या कोपऱ्यात गोलाकार भरावा आणि त्यावर फायबरग्लासची पट्टी बसवावी. लगदा घट्ट झाल्यावर टाके काढून टाकून बाहेरच्या कडा गोल कराव्यात व तिथेही पट्टी लावावी. इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुतल्याशिवाय सँडपेपर मारू नये, नाहीतर इपॉक्सीचा वा रंगाचा पुढचा हात नीट धरत नाही. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते, पण लाकडाला ते तितकेसे चिकटत नाही. काटकसर रंगात करा: घरांच्या बाहेरच्या भिंतींना लावतात तो, चकाकी नसलेला, वाळल्या गवताच्या छटेचा रंग पुरतो.

उत्तरवारा

सर्वांत स्वस्त होडी हवी असेल तर बांधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी ॲल्युमिनियमची जॉन बोट (सपाट तळाची साधी छोटी होडी) हंगाम संपल्यावर कुणाच्या तरी अंगणात उलटी पडलेली मिळते, आणि इपॉक्सी, फायबरग्लास, हातमोजे, ब्रश यांचा हिशेब केल्यास घरची होडी तिच्यापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. बांधण्यातला आनंद हवा असेल, तर गोष्ट वेगळी.

बांधायचीच असल्यास वजनाचा हिशेब आधी करा. तळाचे पाण्यातले क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस फूट धरले, तर होडी प्रत्येक इंच बुडताना साधारण १३० पौंड वजन पेलते. आपण, कुत्रा, डिकॉय, बंदूक आणि होडी मिळून ४०० पौंड झाले, तर ती तीन इंचांच्या आसपास बुडेल. बाजू १२ इंचांच्या ठेवल्यास कागदावर हे पुरेसे आहे, पण भिजलेला कुत्रा काठावरून आत चढतो तेव्हा होडी एका अंगावर कलते, हे हिशेबात दिसत नाही. म्हणून पुढे आणि मागे बंद कप्पे करून त्यांत फोम भरा आणि नाळेकडील, म्हणजे पुढच्या टोकाच्या, भागावर छत घाला. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर १८३६ च्या सुमारास निघालेल्या 'स्नीकबॉक्स' या शिकारी होडीची रचना अशीच होती: बुटकी, वरून झाकलेली, त्यामुळे लपतेही आणि लाटाही आत घेत नाही.

लाइफ जॅकेट केवळ होडीत ठेवू नका, अंगावर असू द्या. ऑक्टोबरअखेरच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो, मग ते अंगावर चढवता येत नाही.

खाडीकाठ

मी गोव्याचा असल्याने शिकारीविषयी काही सांगू शकत नाही, परंतु शिवणीबद्दल एक भर घालतो. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेले आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेले 'कौण्डिन्य' हे जहाज काथ्याच्या दोरीने शिवलेले आहे. तिथे शिवणच फळ्या धरून ठेवते. आपल्या होडीत तार फक्त इपॉक्सी घट्ट होईपर्यंत लागते, त्यामुळे टाके सुबक नसले तरी बिघडत नाही. सारे लक्ष कोपऱ्यांतल्या लगद्यावर ठेवावे.

तळ्याकाठचा

सर्वांचे आभार. उत्तरवारा, जॉन बोटीचा सल्ला पटतो, तरी बांधणारच. बाजू १४ इंचांच्या करतो आणि पुढे छत घालतो. नोंदणीचे काय?

सुतारपक्षी

मिनेसोटात केवळ बदकांच्या हंगामात वापरल्या जाणाऱ्या शिकारी होडीला नोंदणीतून सूट आहे, तशीच तळ्यांत उगवणारा जंगली तांदूळ काढण्याच्या होड्यांनाही त्यांच्या हंगामापुरती आहे. उन्हाळ्यात मासेमारीला नेणार असाल तर मात्र नोंदणी लागेल. घरी बांधलेल्या होडीचा क्रमांक कसा मिळतो, ते राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला इपॉक्सी विकत घेण्याआधीच विचारून घ्या. पुढे मागे मोटर लावलीत, तर ती बंद करून होडी पूर्ण थांबल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. हा नियम संपूर्ण देशाला लागू आहे.