किक दबतेय? आधी बेस बघा

प्रश्न असा आहे की एफएल स्टुडिओत (संगणकावर संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) किकचा, म्हणजे ड्रमच्या खोल ‘धम्’ ठोक्याचा, आवाज कितीही वाढवला तरी ती दबलेलीच का वाटते. नुसता आवाज वाढवून हे सुटत नाही. किक आणि बेस (खालच्या सुरांचं वाद्य) साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या एकाच पट्ट्यात भांडत असतात. बेसवर साइडचेन लावा, म्हणजे किक पडली की बेसचा आवाज आपोआप क्षणभर कमी होतो. दोन किक एकावर एक ठेवल्या असतील तर एकीची फेज उलटवून, म्हणजे तिची ध्वनिलहर वरची खाली करून, ऐका. कधीकधी दोघी एकमेकींना खातात.

मी ऐरोलीत वन रूम किचनमध्ये काम करतो. लहान खोलीत बेस एका जागी घुमतो, दुसऱ्या जागी गायब. म्हणून किकचा निर्णय हेडफोनवरच घेतो.

आणि कृपा करून सगळे ठोके ग्रिडला, म्हणजे पडद्यावरच्या समान अंतराच्या रेघांना, चिकटवू नका! १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ मात्रा) किक चारही मात्रांवर पक्की राहू दे, पण हाय-हॅटला (झांजेच्या ‘छिक्’ ठोक्याला) थोडा स्विंग द्या, म्हणजे मधले ठोके किंचित उशिरा पडू द्या. १९८३च्या रोलँड टीआर-९०९ या ड्रम मशीनमध्येही असाच स्विंग देणारा शफल होता. कोळीगीतांचा झोका आपल्या कानात आहेच. हॅट बोटांनी वाजवून रेकॉर्ड करा आणि क्वांटाइझ (ठोके ग्रिडकडे ओढणारी सोय) अर्धंच लावा.