रंगमंचावरचं वेड: पांढरा गाऊन, निळा स्पॉट आणि खदाखदा हसणं

विंगेतला
परवा लक्ष्मीनगरात एका हौशी ग्रुपचं प्रायोगिक नाटक पाहिलं. डिप्रेशनवर आहे म्हणून मुद्दाम गेलो. तासभर पांढरा गाऊन, मोकळे केस, निळा स्पॉट, खदाखदा हसणं, मध्येच किंकाळी. शेवटी आत्महत्या, काळोख, टाळ्या.

माझा मोठा भाऊ तीन वर्षं या आजारात होता. एकदाही किंचाळला नाही. एका सकाळी डॉक्टरकडे जायचं होतं. त्यानं एक सँडल घातली आणि दुसरीचा पट्टा हातात धरून पलंगाच्या काठावर बसून राहिला. पाऊण तास. आई दारात, खाली ऑटोवाला हॉर्न मारतोय. हे दाखवा ना कुणीतरी!

तिसरी_घंटा
पट्टा धरून बसलेला माणूस कोण बघेल? दहाव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतील. प्रायोगिक म्हणजे वास्तवाची झेरॉक्स नव्हे. ब्रिटिश नाटककार सारा केनचं '४.४८ सायकोसिस' हे नाटक वाचा. संहितेत पात्रांची नावंच नाहीत, नट किती तेही दिग्दर्शकानं ठरवायचं. 'मी' कोण हेच सुटत चाललंय, ते फॉर्ममधून कळतं. सँडलमधून नाही.

विंगेतला
वाचलंय. शंभरातून सात-सात वजा करत जा, ही मनोविकारतज्ज्ञांची साधी चाचणी. त्या नाटकात आकडे आधी पानभर विस्कटलेले, चुकलेले. पुढे तेच ९३, ८६, ७९ असे सरळ उतरतात. ना गाऊन, ना किंकाळी. हीच तिची सँडल.

गाऊनवाली
हसा राजेहो, त्या गाऊनमधली मीच होती. तालमीत दिग्दर्शकानं मला चार मिनिटं नुसतं बसवून पाह्यलं. पहिल्या प्रयोगात दुसऱ्याच मिनिटाला खोकले सुरू, आणि मागून एकजण, "लाइट गेली का बे?" पुढच्या प्रयोगापासून किंकाळी आली.

अन् दुसरं. महाल भागातल्या आमच्या वाड्यात आत्या ओरडायची, पार चौकापर्यंत ऐकू जायचं. तुमचा भाऊ गप्प होता म्हणून माझी आत्या खोटी काहून?

साधा_प्रेक्षक
मला शेवटच खटकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असं धरून चालतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याला शिक्षा नाही, सरकारनं उपचार द्यायचे. कायदा एवढा पुढे आला आणि आपण अजून काळोख करून टाळ्या घेतो. निदान टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिकिटावर छापा.

तिसरी_घंटा
नाटक आहे की सिगारेटचं पाकीट?

साधा_प्रेक्षक
हॉलमध्ये कोण काय घेऊन बसलंय, ते तुम्हाला विंगेतून दिसतं का?

तिसरी_घंटा
नाही दिसत. पण मग शोकांतिका लिहायच्याच बंद करायच्या? केननं १९९९ मध्ये आत्महत्या केली, नाटक २००० साली रंगमंचावर आलं, आणि लंडनच्या एका समीक्षकानं त्याला पंच्याहत्तर मिनिटांची आत्महत्येची चिठ्ठी ठरवलं. तिची कारागिरी बाजूलाच राहिली. तुमचा नंबर छापला की आपणही तेच करू, नाटकाची केस-फाइल.

विंगेतला
@गाऊनवाली, आत्याचं चुकलं माझं. तिला असं रेटून खोटं ठरवायला नको होतं. पण तुमच्या नाटकात ती आत्या नव्हती हो, नुसता तिचा आवाज होता. ओरडणं थांबल्यावर ती काय करायची?

गाऊनवाली
वाटाणे सोलायची. भराभर. आम्ही पोरं समोर बसून खायचो.
रविवारी प्रयोग आहे. भावाला आणता का?

विंगेतला
तो नाही यायचा. त्याला नाटकं आधीपासूनच आवडत नाहीत. मी येतो.