गाडी नाही, तंबू आहे: बेळगावातनं एका रात्रीसाठी कुठं जाता येईल?

टिळकवाडीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. ऑफरमध्ये चार जणांचा तंबू मागवला होता, तीन महिने झाले माळ्यावर पडून हाय, आई रोज विचारते ह्याचं काय करायचं, कुणाच्या लग्नाचा मांडव घालायचाय काय. आम्ही चौघं, मी, दोन मित्र आणि माझी आत्तेबहीण. फोरव्हीलर कुणाकडंच नाही, एक स्प्लेंडर हाय ती बाबा घाटात न्यायला देत नाहीत. डिसेंबरात शनिवारी जाऊन रविवारी परत यायचंय. यूट्यूबवर बघितलं तर सगळे डिकी उघडून खुर्च्या, टेबल, शेगडी काय काय काढतात. बस नाहीतर रेल्वेनं जाऊन असं राहता येतं काय? कुणी केलंय काय? भीमगडच्या जंगलात जायचं डोक्यात होतं.

फुकटचा_सल्ला
कॅम्पिंगच करायचंय तर आपल्या बेळगावातल्या कॅम्प भागातच जा की, सिटी बस हाय दर दहा मिनिटाला 😄

घाटमाथा
वरच्याकडं लक्ष देऊ नको. येतं की राहता, आम्ही कॉलेजात असल्यापासून बसनंच फिरलोय, गाडी आली ती लग्नानंतर आणि तेव्हापासून फिरणं बंद झालं ते वेगळं.

पहिली गोष्ट, जागा आधी ठरवू नको, गाडी आधी बघ. शेवटच्या गावाला संध्याकाळी जाऊन तिथंच मुक्काम करणारी बस असती, वस्तीची गाडी म्हणतात. रात्री ड्रायव्हर कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी गावातली माणसं, दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं घेऊन निघते. नवीन माणूस काय करतो, वस्तीच्याच गाडीनं जातो, म्हणजे पोचतो सात साडेसातला. डिसेंबरात सहा सव्वासहाला सूर्य बुडतो, मग अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर खुंट्या ठोकत बसायचं आणि सकाळी कळतंय की आपण कुणाच्यातरी मळणीच्या खळ्यावर झोपलो होतो (झालंय आमचं, म्हातारबाबांनी शिव्या घातल्या आणि मग चहा पण पाजला). म्हणून जाताना दुपारची गाडी धरायची, तीन-चारला पोचलं पाहिजे, आणि वस्तीची गाडी ठेवायची परतीला. ती रात्रभर डोळ्यासमोर उभी असती त्यामुळं सकाळी येईल का नाही ही धाकधूक नाही. रात्री कंडक्टरला भेटून सांगून ठेवायचं चौघं हाय म्हणून, एकदा तर त्यानं तंबूजवळ येऊन हाक मारली होती, उठा की ओ, काच पुसून झाली माझी.

उलट एकदा मी दुपारच्या परतीच्या गाडीच्या भरवशावर राहिलो, पावसाळा होता, ती आलीच नाही. आठ किलोमीटर चालल्यावर दुधाचा टेम्पो भेटला.

दुसरं म्हणजे दव. हे कुणी सांगत नाही. आपल्याकडं घाटमाथ्याला थंडीत एवढं दव पडतंय की सकाळी तंबूचं बाहेरचं कापड पिळून काढावं लागतं. गाडीवाला ते डिकीत टाकतो, तू बसमध्ये कुठं टाकणार? शेजारच्या मावशीच्या लुगड्यावर पाणी गळायला लागलं की तुझं कॅम्पिंग तिथंच संपलं. युरियाचं रिकामं पोतं घे, आतलं प्लास्टिक असलेलं, धुऊन. ओला तंबू त्यात कोंबायचा, तोंड बांधायचं, सीटखाली सरकवायचं. कंडक्टर पण काय बोलत नाही, त्याला पोत्यांची सवय असती, मोठ्या सॅकेचंच त्याला कोडं पडतंय.

जांबोटीकरीण
भाऊ, भीमगडचा नाद सोडा. मी त्याच भागातली आहे म्हणून सांगते. २०११ पासून ते अभयारण्य आहे, मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही, परवानगी नसताना आत शिरलात तर फॉरेस्टवाले केस घालतात आणि ते बरोबरच आहे. आणि केस राहू दे, अस्वलं आहेत. वाघ दिसत नाही, गवा बाजूला होतो, पण अस्वल समोरासमोर आलं की सोडत नाही, आमच्याकडं लोक संध्याकाळी एकटे रानात जात नाहीत. जंगलातच राहायची हौस असेल तर खानापूरला वनखात्याच्या ऑफिसात रीतसर चौकशी करा.

गावाच्या कडेला राहा. कणकुंबीसारखं गाव घ्या, चोर्ल्यातनं गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे, जांबोटीवरनं बस जाते. माउलीचं देऊळ आहे, मलप्रभा तिथंच उगम पावते. पोचल्यावर आधी देवळात, मग पंचायतीच्या माणसाला विचारायचं तंबू कुठं टाकू. ते दाखवतील ती जागा आपल्याला फोटोला चांगली वाटणार नाही, पण तिथं पाणी जवळ असतं आणि कुत्री ओळखीची असतात. शेकोटी रानाच्या कडेला अजिबात नको, डिसेंबरात गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी बास होते.

आत्तेबहिणीला सांगा, आधार कार्डावर कर्नाटकातला पत्ता असेल तर खानापूर-जांबोटीकडं साध्या सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, जून २०२३ पासून. तुम्ही तिघं पैसे काढा.

लोंढा_पॅसेंजर
रेल्वेचा विचार असेल तर एक ध्यानात ठेव, गॅसचा छोटा डबा असू दे नाहीतर रॉकेलचा स्टोव्ह, रेल्वेत न्यायला बंदी हाय, रेल्वे कायद्यात दंड आणि कैद दोन्ही हाय. बसमध्ये पण नेऊ नको. आणि कॅसलरॉकला उतरून रुळावरनं दूधसागरला चालत जायचं कुणी सुचवलं तर त्याला ब्लॉक कर, पोलीस धरतात, आणि बोगद्यात गाडी आली की पळायला जागा नसती.

टिळकवाडीचा_पोरगा
बाप रे, बरं झालं विचारलं. भीमगड कॅन्सल. पण मग गॅस नाही तर जेवायचं काय? आम्ही मॅगीची दहा पाकिटं घेतलीत 😐 आणि सामान किती होतंय अंदाजे?

घाटमाथा
मॅगी घरी खा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिरमुरे-फरसाण, कांदा, झालं. गरम पाहिजे असेल तर गावात ज्या घरी चहा प्याल तिथंच संध्याकाळच्या भाकरीचं विचारायचं, पैसे आधी बोलून, आणि अंधार पडायच्या आधी, चूल विझल्यावर नव्हं.

सामानाचं म्हणशील तर चार जणांचा तंबू चार-पाच किलो भरतोय, तो एकानं उचलायचा नाही, काठ्या एकाकडं, कापड दुसऱ्याकडं, खुंट्या तिसऱ्याकडं. काठ्या सॅकेच्या बाहेर बांधू नको, गर्दीत कुणाच्यातरी डोळ्यात जातील. पाणी हेच खरं ओझं, लिटरला किलो, म्हणून तर विहीर नाहीतर नळ जवळ असलेली जागा बघायची. चटई आणि चादर जाड घे, थंडी खालनं लागते.

पहिल्यांदाच जाताय तर माझं मत महिपाळगड. शिनोळीवरनं देवरवाडीला जायचं, तिथनं वैजनाथाचं दर्शन घेऊन वर चालत. गडावरच गाव वसलंय, त्यामुळं रानात एकटं पडल्यासारखं होत नाही, आणि अंधार पडला की बेळगावकडचा उजेड दिसतोय, घरच्यांना फोन करून सांगता येतंय तुमचेच दिवे बघायलोय म्हणून. काय बिनसलं तर देवरवाडीला उतरून यायचं. पुढच्या वेळी पारगड करा, चंदगडला गाडी बदलून. तिथं पण वर वस्ती हाय, तानाजींचे चिरंजीव रायबा तिथले किल्लेदार होते. गाड्यांच्या वेळा मात्र नेटवर बघू नको, स्टँडवर जाऊन कंट्रोलरला विचार, तो काचेच्या मागनं जे बोट दाखवतो तेच खरं. आणि बोर्ड कन्नडमध्ये असतोय, वाचता येत नसेल तर दारात उभं राहून ‘होगतद एन्री?’ (जाते का हो?) म्हणून विचार, निम्म्या वेळा उत्तर मराठीतच येतंय.

लोंढा_पॅसेंजर
बूट रात्री तंबूच्या आत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला. विंचू. जास्त काय सांगत नाही.

टिळकवाडीचा_पोरगा
महिपाळगड फायनल. पोतं काकांच्या शेतातनं आणलं, आई आता म्हणते तंबू राहू दे, पोतं चांगलं हाय. एक शेवटचं, आत्तेबहीण विचारायला लाजते म्हणून मी विचारतोय, टॉयलेटचं काय करायचं?

जांबोटीकरीण
जिथं भाकरी सांगाल त्या घरात बाईमाणूस असेलच, त्यांच्याकडं संडास आहे का विचारायचं, सहसा कुणी नाही म्हणत नाही. रात्री झोपायच्या आधी एकदा जाऊन यायचं आणि सकाळी लवकर, घरातली गडबड सुरू व्हायच्या आत. पण विचारू दे तिलाच, तू नको जाऊस विचारायला.