सैंधवात सोडियम कमी असतं हे पटत नाही

थायरॉइड असेल तर साधं मीठ बंद करून सैंधव सुरू करा, त्यात सोडियम कमी असतं, असं या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. थायरॉइड ग्रंथीला हार्मोन बनवायला लागतं ते आयोडीन, आणि ते सैंधवात नगण्य. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचा सल्ला मात्र योग्यच, आणि तो पाळून आयोडीनही मिळू शकतं. आपल्याकडच्या नियमानुसार आयोडीनयुक्त मिठात दुकानात विकताना किमान १५ पीपीएम (किलोमागे १५ मिलिग्रॅम) आयोडीन हवं. म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून किमान साधारण ७५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची गरज १५०. उरलेलं दूध, दही, अंडी, मासळीतून येतं.

गरोदरपणात ही गरज २५० पर्यंत जाते, आणि हा मुद्दा इथे कोणीच काढला नाही. माझी वहिनी शाकाहारी, त्यात दूध आवडत नाही, आणि घरात फक्त सैंधव. दिवस गेल्यावर डॉक्टरांनी औषधांच्याही आधी विचारलं, मीठ कोणतं वापरता? त्याच आठवड्यात मीठ बदललं. बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो हो, तिथे प्रयोग नकोत.

हाशिमोटोमुळे (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी मात्र जास्तीचं आयोडीन, विशेषतः समुद्री शेवाळाच्या गोळ्या, स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्याने त्रास वाढू शकतो.