किडनीपर्यंत चढलेलं इन्फेक्शन : तुमचे अनुभव लिहा

लघवीच्या जळजळीबद्दल बोललं जातं, पण तेच इन्फेक्शन वर किडनीत गेलं (पायलोनेफ्रायटिस) की काय होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. ज्यांनी भोगलंय किंवा घरच्यांचं केलंय, त्यांनी लिहा. डोस मात्र नकोत, ते ज्याचे त्याचे वेगळे.

—

मला जळजळ जवळपास नव्हतीच. आधी हुडहुडी, मग सडकून ताप, उलट्या आणि पाठीत उजवीकडे बरगड्यांखाली ठणका. डॉक्टरांनी तिथे मुठीने हलकंसं ठोकलं तर किंचाळलेच. लघवी कल्चरला (कोणते जंतू आहेत ते वाढवून बघायला) पाठवली आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक. रिपोर्टमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला, बहुतेकांत तोच निघतो म्हणे. औषध चालू असूनही ताप हटेना, घरचे हवालदिल. ४८ ते ७२ तास द्यावे लागतात. त्यानंतरही राहिला तर पू झालाय का, कुठे अडलंय का, हे सीटीवर बघतात.

—

वडिलांचं अडलेलंच होतं. खडा मूत्रवाहिनीत, वर लघवी तुंबलेली आणि त्यात जंतू. अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, तुंबलेलं मोकळं करावंच लागतं. रात्रीच डीजे स्टेंट, म्हणजे लघवी खाली उतरायला मूत्रवाहिनीत ठेवतात ती बारीक नळी, घातला. खडा तसाच ठेवला म्हणून आम्ही जरा वैतागलो होतो. पण इन्फेक्शन भडकलेलं असताना खड्याला हात लावला तर जंतू रक्तात पसरायची भीती असते. तो नंतर काढला. स्टेंट असेपर्यंत सारखी लघवीला लागते, तयारी ठेवा. आणि काढायची तारीख चुकवू नका, राहून गेला तर त्याच्यावरच खडे धरतात.

—

आजीला ना ताप, ना दुखणं. एकाएकी असंबद्ध बोलायला लागली, माणसं ओळखेना. सगळ्यांना वाटलं मेंदूचं काहीतरी, निघालं हेच इन्फेक्शन. म्हातारपणी असंही होतं.

—

सासूबाईंना जुना मधुमेह. सीटीत किडनीमध्ये चक्क गॅस दिसला, जंतूंनीच तयार केलेला. थेट आयसीयू, साखरेसाठी इन्सुलिन, पाठीतून नळी. किडनी काढावी लागेल असंही बोलून ठेवलं होतं. किडनी वाचली.

—

मी गरोदर होते, त्यामुळे गोळ्यांवर घरी पाठवायचा प्रश्नच नव्हता, दाखलच केलं. एरवी त्रास नसताना लघवीत जंतू दिसले तर सहसा औषध देत नाहीत, गरोदरपणात मात्र देतात. बरी झाल्यावरही कल्चर परत केलं.

—

दुखण्यावर काय घेतलंत? आयब्युप्रोफेन चालतं का?

—

मला बंद केलं होतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढतं ते) वाढलेलं असताना त्याने किडनीवर आणखी ताण येतो. पॅरासिटामॉलवर निभावलं.