थंडीत आणि सणासुदीत जनावरं सांभाळताना : तुमचे अनुभव लिहा

थंडी पडायला लागली की पागेत शिरल्याशिरल्या मी आधी पाण्याच्या बादलीत हात घालते. घोड्यांचं अंग नंतर चाचपते. ही सवय आमच्या घोडीमुळे लागली.

तेव्हा ती सोळा वर्षांची होती. एका रात्रीत पारा खूप उतरला. मी तिला जाड झूल घातली, वाळलेलं गवत वाढवलं, दार लावून घेतलं आणि निर्धास्त झोपले. पाण्याचा विचार मनात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, तोंड लावेना. पुढच्या पायाने जमीन उकरायची, मान वळवून कुशीकडे बघायची, वरचा ओठ उचलून धरायची. ठाणात लीद रोजच्या निम्मीसुद्धा नव्हती. होती तीही बारक्या, कोरड्या गोळ्यांची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोठ्या आतड्यात चाऱ्याचा गोळा अडकलाय. नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि औषध सोडलं. ती रात्र मी तिच्या ठाणाबाहेर बसून काढली. पहाटे साडेपाचला तिने लीद टाकली आणि मी तिच्या मानेत तोंड खुपसून रडले.

कारण नंतर कळलं. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी लागतं. हिरव्या चाऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, वाळलेल्या गवतात ते नावापुरतं. म्हणजे थंडीत चारा कोरडा होतो, तेव्हाच पाण्याची गरज वाढते, आणि नेमकं तेव्हाच बर्फगार पाण्याला घोडा तोंड लावत नाही. आता मी सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी देते, बादलीने मोजून. रोज दोन चमचे मीठ भिजवलेल्या चंदीत घालते आणि शेजारी चाटायला मिठाचा खडा ठेवते. बादलीवर रेघ मारली आहे, त्यामुळे किती पाणी गेलं ते घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारालाही एका नजरेत कळतं.

तुमच्या घरीही असं काही घडलं असेल. घोडा, कुत्रा, मांजर, ससा, पक्षी, कुणाचंही चालेल. काय झालं, आधी कशावरून जाणवलं आणि आता तुम्ही काय करता, एवढं मोकळेपणाने लिहा. औषधांचं प्रमाण मात्र लिहू नका, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावं.

* * *

घोडीचं वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडचा प्रसंग उलटा आहे. आमच्याकडे पाणी, गवत सगळं भरपूर होतं आणि सुट्टीच आमच्या घोड्याच्या अंगावर आली.

सणाचे चार दिवस घोडा ठाणावरच होता. रोजच्या कामाएवढीच चंदी मात्र चालू होती, कारण सणाच्या दिवशी त्याला कमी घालायचं कुणाच्या जिवावर येईना. पाचव्या दिवशी बाहेर काढला आणि नेहमीसारखा पळवला. दहा-पंधरा मिनिटांत तो अडखळला. सगळं अंग घामाने निथळत होतं आणि मागच्या पायांचे, पुठ्ठ्यांचे स्नायू लाकडासारखे कडक झाले होते. पुढे पाऊल टाकेना. थकला असेल असं समजून मी त्याला चालवत परत न्यायला निघालो, ती माझी सगळ्यात मोठी चूक. अशा वेळी एक पाऊलही चालवायचं नसतं. जिथे आहे तिथेच उभा ठेवायचा, अंगावर झूल टाकायची आणि डॉक्टरांना तिथे बोलवायचं. त्याची लघवी कॉफीच्या रंगाची झाली होती. स्नायू फुटून त्यातलं रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरतं, त्याचा तो रंग. तीन दिवस सलाईन चाललं. वाचला.

सोमवारचं दुखणं म्हणून हा आजार फार पूर्वीपासून माहीत आहे, कारण रविवारी सुट्टी भोगलेले कामाचे घोडे सोमवारी सकाळी असे जखडायचे. आता आमच्याकडे ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी. गवत आहे तेवढंच. आणि सण असो, पाहुणे असोत, घोडा रोज तासभर तरी मोकळा सोडायचाच. सुट्टीनंतरचे पहिले दोन दिवस फक्त चाल आणि थोडी दुडकी.

* * *

आमचा कुत्रा, वजन नऊ किलो. भेट आलेला मनुका घातलेला केक खुर्चीवर राहिला आणि त्याने पाकिटासकट खाल्ला. मनुकेच तर आहेत, फळच ते, असं घरात सगळ्यांना वाटलं. मी सहज म्हणून डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, असेच निघा. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही, एखाद्याला थोडेसेही पुरतात. खाऊन तासच झाला होता, म्हणून इंजेक्शन देऊन उलटी करवता आली. पुढे दोन दिवस सलाईन आणि रक्ताच्या तपासण्या.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. आणि पाकीट फेकू नका. चॉकलेट असेल तर कोको किती टक्के, साखर नसलेली गोळी किंवा च्युइंगगम असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते. आता पाहुणे आले की त्यांच्या पिशव्या मी उंचावर अडकवते आणि का ते सांगते. आजवर कुणालाही वाईट वाटलेलं नाही.

* * *

थोडक्यात लिहितो. मांजर, भेटवस्तूची चकाकती फीत. फितीचं टोक मागून बाहेर आलेलं दिसलं आणि मी ओढणार होतो. बायकोने हात धरला म्हणून मांजर वाचलं. आत आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा झालेलं असतं, ओढलं तर दोरा आतडं कापत जातो. शस्त्रक्रिया झाली. आता आमच्या घरात फिती, दोरे, झिरमिळ्या नाहीत, आणि लिलीची फुलं तर अजिबात नाहीत. लिलीचे नुसते पराग अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं जातात.

* * *

आमची म्हातारी कुत्री, तेरा वर्षांची. थंडीत सकाळी उठायला वेळ लावायची, जिना चढताना थांबायची. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. बहिणीने तिचा जुना व्हिडिओ आणि आताचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवला तेव्हा मला समजलं की ती दुखणं सोसते आहे. एक अख्खा हिवाळा तिने तसाच काढला, ही गोष्ट मला अजूनही टोचते. सांधेदुखीवर डॉक्टरांनी औषध सुरू केलं. बाकीचे बदल अगदी साधे होते. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाकल्या, जमिनीपासून वर उचललेलं जाड अंथरूण दिलं, नखं वेळेवर कापायला लागलो आणि एकदा लांब फिरवण्याऐवजी दिवसातून तीनदा थोडं थोडं फिरवू लागलो. वजन दीड किलो उतरवलं, त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

आपल्या गोळ्या देऊ नका, ही विनंती. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते. गरम पाण्याची पिशवी दिलीत तर टॉवेलात गुंडाळून द्या आणि जनावराला तिच्यापासून सरकायला जागा ठेवा. म्हातारं जनावर पटकन उठत नाही आणि त्याच जागी भाजतं.

* * *

फटाक्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून.

आमची कुत्री पहिल्याच आवाजाला फाटकावरून उडी मारून पळाली. सव्वीस तासांनी सापडली, पंजे सोलवटलेले होते. तेव्हापासून तयारी दोन-तीन महिने आधी सुरू होते. आवाजांचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावायचं, ती आरामात खात असताना, आणि आठवड्याआठवड्याने किंचित वाढवायचं. कान टवकारले की पुन्हा कमी. प्रत्यक्ष दिवशी अंधार पडायच्या आत फिरवून आणायचं, मग आतली खोली, पडदे बंद, पंखा किंवा संगीत चालू. ती कपाटाखाली शिरली तर शिरू द्यायची. जवळ आली तर थोपटायचं. थोपटल्याने भीतीला खतपाणी मिळतं असं मला खूप जणांनी सांगितलं, पण भीती म्हणजे काही खोड नव्हे, धीर दिल्याने ती वाढत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून भीती कमी करणारं औषध घ्या. नुसती गुंगी आणणारं औषध नको, त्यात जनावर हलत नाही पण आतून तितकंच घाबरलेलं असतं. औषध आवाज सुरू व्हायच्या आधी द्यावं लागतं. आणि ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपच्या नोंदीतला फोन नंबर चालू आहे ना ते बघा, आमचा जुना होता.

* * *

पागेतून पुन्हा. थंडी लागू नये म्हणून आम्ही तबेल्याच्या सगळ्या फटी बुजवल्या होत्या. महिन्याभरात तीन घोडे खोकायला लागले. डॉक्टरांनी मला शिंगराच्या ठाणात खाली बसायला सांगितलं आणि म्हणाले, इथे श्वास घेऊन बघा. डोळ्यांतून पाणी आलं. मुताचा अमोनिया जमिनीलगत साचतो, आणि शिंगरू तिथेच झोपतं. उभं राहून मला तो वास कधी एवढा आलाच नव्हता. घोडा थंडी सहन करतो, कोंडलेली हवा आणि गवताची धूळ नाही. आता वरच्या खिडक्या रात्रीही उघड्या असतात, वारा थेट अंगावर येणार नाही एवढं बघतो. गवत पाण्यात बुडवून, निथळून घालतो.

एक विचारायचं होतं. झूल घालावी की नाही? आमच्याकडे दोन मतं आहेत.

* * *

(धागा काढणारी) माझं मत लिहिते. केस भरपूर वाढलेले, अंग कोरडं, पोटभर गवत आणि वाऱ्यापावसाला आडोसा एवढं असेल, तर धडधाकट घोडा शून्याखालची थंडीही झुलीशिवाय काढतो. दिवस लहान होऊ लागले की केस आपोआप दाट येतात, आणि गार वाऱ्यात ते उभे राहून त्यांत हवा धरून ठेवतात. जड झुलीखाली ते चपटे होतात. म्हातारा, अशक्त, केस कापलेला किंवा उबदार जागेतून नुकताच आणलेला घोडा असेल तर झूल हवीच. ती भिजली तर लगेच उतरवायची. ओल्या झुलीपेक्षा उघडं अंग बरं.

घोड्याची खरी शेगडी त्याच्या पोटात असते. मोठ्या आतड्यात गवत आंबून ऊब तयार होते, म्हणून कडाक्याच्या रात्री मी चंदी नाही, गवत वाढवते. वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाचशे किलोला साडेसात ते दहा किलो रोज, आणि फार थंडीत त्याहून जास्त. आणि झूल असो वा नसो, रोज ती काढून खरारा करा, बोटं रुतवून बरगड्या चाचपा. दाट केसांखाली घोडा वाळत गेलेला डोळ्यांना दिसत नाही. आमच्या घोडीचं तसंच झालं होतं, मला ते दोन महिन्यांनी कळलं. दाढा झिजल्या होत्या, ती गवताचे अर्धवट चावलेले बोळे टाकून देत होती.

* * *

ससा. थंडीत बाटलीच्या नळीतलं पाणी गोठलं, बाटलीत मात्र पाणी दिसत होतं. त्याने खाणं सोडलं. सशाचं आतडं थांबलं की बारा तासही फार होतात. खाल्लं नाही आणि लेंड्याही नाहीत, तर सकाळची वाट पाहू नका. आता जड वाडगं ठेवते, दिवसातून तीनदा बघते.

* * *

मी सुट्ट्यांच्या दिवसांत दुसऱ्यांची जनावरं सांभाळते, बारा वर्षं झाली. मालक खाण्याच्या वेळा लिहून ठेवतात, पण मला त्याहून दुसरी माहिती जास्त लागते. नेहमी किती पाणी पितो? रोज किती वेळा शी-शू करतो? कुठे लपतो? डॉक्टर सुट्टीवर असतील तर दुसरं कोण? आणि तुमचा फोन लागला नाही तर उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा? हे शेवटचं लिहून घेतल्याशिवाय आता मी किल्ली घेत नाही. एका बोक्याची लघवी तुंबली होती. तो पुन्हा पुन्हा शी-शूसाठी माती भरलेल्या ट्रेमध्ये बसायचा आणि ट्रे कोरडाच राहायचा. बोक्याच्या बाबतीत अशा वेळी तासांचा हिशेब असतो, आणि मालक विमानात होते. मी स्वतःच्या जबाबदारीवर त्याला दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण तो अर्धा दिवस मी विसरणार नाही.

घोडे असतील तर मी तापमापी बरोबर नेते आणि पहिल्याच दिवशी, सगळं ठीक असताना, नाडी मोजून लिहून ठेवते. खालच्या जबड्याच्या कडेला बोट ठेवलं की ती लागते. पंधरा सेकंद मोजायची आणि चारने गुणायचं. शांत उभ्या मोठ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. ती साठच्या वर गेली की मी आधी डॉक्टरांना फोन लावते आणि मग मालकांना.

मागच्या हिवाळ्यात एका मांजरीने मालक गेल्यावर दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मांजर, त्यातून जाडं, उपाशी राहिलं की चरबी यकृतात साचू लागते, म्हणून मला फार घोर लागला होता. डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. मालकीणबाईंना फोनवर विचारलं, तुमचा अंगावरचा, न धुतलेला एखादा स्वेटर आहे का? धुवायच्या टोपलीत एक सापडला. तो पलंगाशेजारी जमिनीवर पसरला, वाटीतलं अन्न कोमट करून त्याच्या कडेला ठेवलं आणि दिवा मालवून दाराबाहेर बसले. अर्ध्या तासाने आतून वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला.