पिंकहॅमबाईंना पत्रं लिहिणाऱ्या बायका मूर्ख नव्हत्या (वैतागून लिहिलंय, लांब आहे)

तिरफळ:
कालपासून एक पोस्ट फिरतेय. लिडिया पिंकहॅमच्या टॉनिकची जुनी जाहिरात आणि खाली एका गृहस्थांचं भाष्य, की त्या काळातल्या बायका अडाणी, चांगले डॉक्टर सोडून पोस्टाने सल्ला मागत बसल्या आणि औषधाच्या नावाखाली दारू ढोसत राहिल्या, आज फॉरवर्डवर विश्वास ठेवणाऱ्या काकवा याच वंशातल्या. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. डोक्यात तिडीक गेली.

चांगले डॉक्टर म्हणजे कुठले हो? १८७५ मध्ये ही बाई मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात घरच्या चुलीवर मुळ्या उकळून डॉलरला बाटली विकायला लागली, कारण १८७३ च्या मंदीत नवऱ्याचं दिवाळं वाजलं होतं. तेव्हाचे पदवीवाले डॉक्टर कॅलोमेल द्यायचे, म्हणजे पारा, लाळ गळून दात हलेपर्यंत. आणि पाळीच्या दुखण्यावर? १८७२ मध्ये जॉर्जियातल्या रॉबर्ट बॅटीने धडधाकट अंडाशय काढून टाकायचं ऑपरेशन सुरू केलं, मग ते साथीसारखं पसरलं आणि कितीतरी बायका त्यात गेल्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स, हार्वर्डचा प्राध्यापक, स्वतः डॉक्टर, १८६० मध्ये म्हणाला होता की आहेत ती बहुतेक सगळी औषधं समुद्रात बुडवली तर माणसांचं भलं होईल आणि माशांचं वाटोळं. हे डॉक्टर सोडले म्हणून बायका अडाणी!

अंगावर पांढरं जातंय, पिशवी खाली आलीय, हे परक्या पुरुषासमोर बोलायचं कसं? पिंकहॅमबाईंच्या जाहिरातीत असायचं, पत्र लिहा, पुरुष वाचणार नाही. उत्तरात बाटली घ्या असायचंच, पण खाणं, स्वच्छता, हिंडणं-फिरणं याबद्दलही असायचं, शिवाय शरीर कसं चालतं ते सरळ सांगणारं पुस्तक मिळायचं. ते कुठला डॉक्टर सांगत होता?

कडूकिराईत:
तिरफळताई, तळमळ पोचली, पण वकीलपत्र चुकीच्या अशिलाचं घेतलंत. लिडियाबाई १८८३ च्या मे महिन्यात वारल्या. त्यानंतर वीसेक वर्षं जाहिराती चालूच, लिनला मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा म्हणून. शेवटी १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल' या मासिकाच्या संपादकाने, एडवर्ड बोकने, मिसेस पिंकहॅम आपल्या प्रयोगशाळेत काम करताहेत असं सांगणारी जाहिरात छापली आणि तिच्यासोबत बाईंच्या थडग्याचा फोटो, मृत्यूची तारीख वाचता येईल असा. तर तुमच्या शहाण्या बायका मेलेल्या बाईशी पत्रव्यवहार करत होत्या. उत्तरं लिहायला मुली बसवलेल्या, समोर ठरलेले मसुदे.

बाटलीत १८ टक्के अल्कोहोल, कशाला तर म्हणे औषध टिकावं म्हणून. बाईंचे दोन मुलगे, डॅन आणि विल, १८८१ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने क्षयाने गेले. घरच्यांना नाही वाचवलं त्या काढ्याने. आयुष्य औषधाच्या काउंटरमागे गेलंय माझं, टॉनिक या प्रकाराला मी तरी भुलत नाही.

तिरफळ:
मुलांचं काढायची गरज नव्हती. क्षयाचा जंतूच कॉखने १८८२ मध्ये शोधला, तेव्हा क्षयावर कोणाकडे औषध होतं? आणि तो काढा बायकांच्या तक्रारींसाठी होता.

कडूकिराईत:
लेबल वाचा. स्त्री-पुरुष दोघांच्याही किडनीच्या तक्रारींवर अजोड, असं छापलेलं आहे.

वकिली_चष्मा:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एलएलबी केलेल्या प्रत्येकाला कार्लिलबाई आठवल्या असतील. १८९१ ची फ्लूची साथ, कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीची जाहिरात, की आमचा गोळा सांगितल्याप्रमाणे हुंगूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, खरेपणा दाखवायला बँकेत १००० पौंड ठेवलेत. बाईंनी दिवसातून तीनदा इमानदारीत हुंगला आणि जानेवारी १८९२ मध्ये फ्लू झालाच. कंपनी म्हणे ती नुसती जाहिरातबाजी होती हो, एवढं मनावर काय घेता. कोर्टाने पैसे द्यायला लावले. मुद्दा असा की जाहिरात शब्दशः वाचणारी बाई मूर्ख नसते, कधीकधी तीच कंपनीला महागात पडते. +१ तिरफळ.

बोरूबहाद्दर:
सगळे बाटलीवर घसरलेत, पेपरवाल्यांचं कोणी बोलत नाही. या औषधवाल्यांच्या जाहिरातींवर अमेरिकेतले पेपर जगत होते आणि करारात चक्क लाल अक्षरात अट असायची, की तुमच्या राज्यात आमच्या विरोधात कायदा झाला तर करार रद्द. मग कोण संपादक कायद्याच्या बाजूने लिहील? विलायतेत सरकारच सामील, प्रत्येक डबीवर कराचा स्टँप, लोकांना वाटायचं सरकारमान्य औषध आहे. मी पेपरात उमेदवारी केली तेव्हा शेवटच्या पानावर ताकद, उंची आणि वशीकरण एका खाली एक असायचं. १९५४ पासून चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे आपल्याकडे. विचारलं तर मॅनेजर म्हणाले, तुझा पगार त्याच पानातून होतो.

पारिजात:
पिंकहॅमबाई परवडल्या. मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरपचं बोला की. १८४९ पासून अमेरिकेत दात येणाऱ्या बाळांसाठी विकायचे, आत मॉर्फिन! आणि आपल्याकडे अजून तान्ह्या पोरांना ग्राइप वॉटर पाजतात. तेही इंग्लंडमधलं, १८५१ चं, त्याच घराण्यातलं. माझ्या सासूबाईंनी माझ्या नकळत पाजलं होतं, त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही.

शेवंता_मावशी:
काय बाई एकेक. आमच्या चारी पोरांना ग्राइप वॉटर पाजलं, चौघं ठणठणीत आहेत, एक तर कॅनडात आहे. आणि आम्ही गुटीही द्यायचो. मुरडशेंग, हिरडा, वेखंड, हळकुंड, सहाणेवर प्रत्येकाचा एकेक वेढा, आईच्या दुधात. जायफळ जपून, अर्धाच वेढा, नाहीतर पोर झोपून राहतं. आता पोर रडलं की मोबाइल देतात ते चालतं का?

पारिजात:
मावशी, जायफळाने पोर झोपून राहतं हे तुम्हीच लिहिलंत, मग वेगळं काय सांगतेय मी? जुन्या ग्राइप वॉटरमध्ये अल्कोहोल असायचं म्हणून पोरं गप्प व्हायची, ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात ते काढायला लावलं.

शेवंता_मावशी:
रात्रभर पोर खांद्यावर घेऊन फिरलीस का कधी? की पाळणाघरात टाकून ऑफिसला?

पारिजात:
हे वैयक्तिक होतंय. माझ्या पाळणाघराशी तुमचा काय संबंध?

लालबागचा_पोपट:
भांडू नका. माझी पणजी गिरणीत होती. आजी सांगायची, कामाच्या पाळीवर जाताना बायका तान्ह्यांना अफूची बाळागोळी चाटवायच्या, नाहीतर पोर सांभाळणार कोण? खोली एक, माणसं आठ, सुट्टी नाही. व्हिक्टोरियन लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये हेच, फक्त तिकडे गोळीऐवजी गॉडफ्रीज कॉर्डियल, म्हणजे काकवीत कालवलेली अफू. त्या आयांना वाईट म्हणायच्या आधी मालकांना म्हणा.

कडूकिराईत:
मालकांना म्हणाच, पण विकणाऱ्यालाही सोडू नका. विन्स्लोच्या सिरपमध्ये औंसाला ६५ मिलीग्राम मॉर्फिन होतं. चमचा म्हणजे साधारण पाच मिली, म्हणजे दहाएक मिलीग्राम. ऑपरेशननंतर धडधाकट माणसाला इंजेक्शनने देतात तेवढं, आणि हे दात येणाऱ्या बाळाला! कितीतरी पोरं झोपली ती उठलीच नाहीत. बाटलीवर मॉर्फिनचा उल्लेख नाही. विलायतेत १८६८ मध्ये अफू फार्मसीच्या ताब्यात दिली, पण पेटंट औषधांना, म्हणजे कंपन्यांच्या तयार बाटल्यांना, सूट. म्हणजे सुटी अफू घेतली तर दुकानदार चौकशी करणार आणि तीच क्लोरोडाइन नावाच्या तयार औषधाच्या बाटलीतून घेतली तर करणार नाही. ते क्लोरोडाइनही हिंदुस्थानात नोकरी केलेल्या लष्करी डॉक्टरचं, कॉलिस ब्राउनचं. मॉर्फिन, क्लोरोफॉर्म, भांगेचा अर्क.

आणि तिरफळताई, तुमचं ते 'पुरुष वाचणार नाही'. पिंकहॅम बाजूला ठेवा, पण या पोस्टाने सल्ला देणाऱ्या धंद्यात बायकांची खाजगी पत्रं दलालांमार्फत गठ्ठ्याने विकली जायची, एका कंपनीकडून दुसरीकडे. अंगावर जाणाऱ्या पांढऱ्याची पत्रं! यावर बोला.

तिरफळ:
बोलते. पत्रं विकणं हा हलकटपणाच, त्यावर माझ्याकडून सत्यनारायण घालून घ्या हवं तर. थडग्याच्या फोटोवर कंपनीने सारवासारव केली की मिसेस पिंकहॅम म्हणजे सूनबाई जेनी, ती लबाडीच होती, घ्या, हेही दिलं. पण तुमच्या लाडक्या बोकसाहेबांनी बफेलोच्या डॉक्टर पिअर्सच्या औषधात अफू आहे, डिजिटॅलिस (हृदयावरचं जहाल औषध) आहे असं छापलं, ते सिद्ध करता आलं नाही आणि कोर्टात १६,००० डॉलर भरावे लागले, ते सोयीस्कर गाळलंत.

आणि लबाडी विकणाऱ्याची ना? मग मूर्ख पत्र लिहिणारी कशी? १९०६ चा अमेरिकेतला औषधांचा कायदा आला, लेबलवर अल्कोहोल किती ते छापणं सक्तीचं झालं, तरी बायका घेत राहिल्या. विक्रीचा कळस तर १९२० च्या दशकात. लेबल वाचून घेत होत्या.

माझ्या मावशीची पिशवी पस्तिशीत काढली, कॅन्सर होईल म्हणून घाबरवून. कॅन्सरचं नावही नव्हतं रिपोर्टमध्ये. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण पेपरात गाजलं ते विसरलात? बॅटी अजून मेलेला नाही. मावशीला तेव्हा कोणी पत्रातून एवढंच सांगितलं असतं की बाई, थांब, दुसऱ्या कोणाला तरी दाखव, तर मी त्या बाटलीचे पैसे आनंदाने दिले असते.

कडूकिराईत:
मावशींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण पिंकहॅमबाई 'दुसऱ्या कोणाला दाखव' असं कधीच लिहिणार नव्हत्या, त्या 'अजून तीन बाटल्या घे' लिहिणार. आणि विक्रीचा कळस म्हणता, तर १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. हिशोब तुम्हीच करा.

वकिली_चष्मा:
अरे देवा. हे लागलं.

शेवंता_मावशी:
दारूचं तुम्ही बघा. पण त्या मुलीला सांगा, मी पाळणाघराबद्दल वाईट बोलले नाही, विचारलं फक्त.

पारिजात:
हो का. बरं.

तिरफळ:
कडूकिराईत, दारूबंदीत झिंगायचंच असतं तर मेथी आणि कडू मुळ्यांचा काढा चमच्याने मोजून कोण प्यायलं असतं, तेही डॉलर देऊन? चोरून मिळत नव्हती का? नवरे काय पीत होते त्या तेरा वर्षांत? तुम्ही फार्मसीवाले सगळं टक्क्यात मोजता. आणि ग्राइप वॉटरवाल्यांनी वेगळा धागा काढा, हात जोडते.